आंब्याच्या दिवसांतलं पथ्य

हापूस बाजारात आला की लोकांना माझे हात आठवतात. यंदाही आठवले. चैत्र लागून चार दिवस झाले नसतील, तोच शेजारच्या कुमुदवहिनी फोन नाचवत आल्या. "काय गो, तुझे हात परत आलेत." माझी धाकटी बहीण शुभदा आहारतज्ज्ञ आहे आणि दर वर्षी याच दिवसांत ती तो फोटो टाकते. डावीकडे माझे सुजलेले हात, सांधे लालभडक, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी. उजवीकडे तेच हात तीन महिन्यांनंतरचे, सरळ, मोकळे, नखांना रंगसुद्धा. रंग शुभदानेच लावला होता. खाली ओळ असते: औषधाची एकही गोळी नाही, फक्त आहार. वहिनींनी फोटो मोठा करून पाहिला, मग माझ्या हातांकडे पाहिलं, आणि पुन्हा फोटोकडे. फोटोतलेच त्यांना जास्त पटलेले दिसले.

वहिनींच्या मागच्या खोलीत आढी लावलेली आहे. भिंत पलीकडची असली तरी पेंढ्यात पिकणाऱ्या आंब्याचा वास माझ्या स्वयंपाकघरात येतो. या वासावर लोक भरभरून बोलतात. मुंबईला गेलेल्यांच्या तर डोळ्यांत पाणी येतं. मीही कधीकाळी बोलायचे. आता तो वास आला की मला बुरोंडीच्या सुगंधाची बोटं दिसतात, आणि मी खिडकी लावून घेते. खिडकी लावून काही उपयोग होत नाही, पण लावते.

सुगंधा कोण ते सांगतेच. आधी शुभदा सांगायला हवी.

शुभदा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिला डॉक्टर व्हायचं होतं. दोनदा प्रवेश परीक्षेला बसली, दोनदा राहिली. त्या दोन्ही वर्षी निकाल आंब्याच्या दिवसांत लागला आणि दोन्ही वर्षी घरात माणसं जमलेली होती, म्हणजे नापास व्हायला ही प्रेक्षक बोलावून बसली होती असं मीच कुठेतरी म्हणाले होते. माझी जीभ तशीच आहे. तीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं, उत्तर चुकलं की चुकलं म्हणायची सवय. पुढे तिने आहारशास्त्र केलं, मुंबईच्या एका रुग्णालयात बारा वर्षं रुग्णांच्या ताटांची यादी लिहिली, लग्न केलं, ते मोडलं, आणि चाळिशी ओलांडल्यावर दोन बॅगा आणि एक नवा शब्द घेऊन ती रत्नागिरीला परत आली, माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर. शब्द होता 'सूजरोधक आहार'. शरीरात आत कुठेतरी सूज धुमसत असते, ती अन्नाने पेटते आणि अन्नानेच विझते, असं ती सांगायची. आळीतल्या बायका ऐकून घ्यायच्या आणि ती गेल्यावर हसायच्या. ही मुंबईहून येऊन आम्हाला कोकमाचं सार प्यायला शिकवते. सगळ्यांत आधी मी हसले होते.

त्याच वर्षी माझे हात गेले. माघात सुरुवात झाली. सकाळी उठलं की मूठ मिटायची नाही. ब्लाउजचे हुक लावायला अर्धा तास. दाराची कडी काढायला कोपर लावायचं. वर्गात खडू हातातून सुटायचा आणि पहिल्या बाकावरची मुलगी तो उचलून द्यायची, तिसऱ्यांदा देताना वर बघायचीसुद्धा नाही. ती न बघण्याची माया मला सहन व्हायची नाही. चिपळूणला महिन्यातून एकदा सांध्यांचे डॉक्टर यायचे, त्यांच्याकडे गेले. त्यांनी हात दाबून पाहिले, रक्त तपासलं, आमवात म्हणाले. आठवड्यातून एकदा घ्यायची पिवळी गोळी दिली. "दीड-दोन महिने फरक दिसणार नाही. धीर धरायचा आणि मनाने बंद करायची नाही. बंद केलीत तर सांधे वाकतील, आणि वाकलेले सांधे गोळीनेही सरळ होत नाहीत," ते म्हणाले. इतकं स्पष्ट मला गणितही कुणी सांगितलं नव्हतं.

शुभदाला कळलं फाल्गुनात. ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि गोळ्यांची पट्टी दोन बोटांत धरून म्हणाली, "हे आधी बंद कर, ताई. मला तीन महिने दे." मग डबे काढले. साखर गेली, गहू गेला, दूध गेलं, बिस्किटं, फरसाण, लोणची, सुकी मासळी गेली. शेवटी ती म्हणाली, "आणि यंदा आंबा नाही." रत्नागिरीत बसून हे म्हणायला छाती लागते, हे मी तेव्हाही मनात कबूल केलं. बदल्यात नाचणी आली, कुळथाचं पिठलं, हळद-मिरी, कोकमाचं बिनसाखरेचं आगळ, जवसाची चटणी, बांगडे आणि तारल्या. जेवण वाईट नव्हतं. पोट हलकं झालं, वजन उतरलं, झोप लागू लागली. त्या जेवणाला मी आजही नावं ठेवत नाही.

पण गोळी मी बंद केली नाही. शुभदाला हो म्हटलं, डॉक्टरांकडून दुसरी पट्टी आणली आणि माझ्या जुन्या कंपासपेटीत ठेवली. दर रविवारी सकाळी ती पूजेला बसली की मी एक गोळी काढायची आणि तिच्याच बिनसाखरेच्या आगळाबरोबर गिळायची. चिपळूणला जायचं तर मैत्रिणीकडे चालले म्हणून सांगायचं.

लोकांना वाटेल, बहिणीचं मन मोडू नये म्हणून मी गप्प राहिले. असं वाटून घेणं मलाही बरं पडलं असतं. खरं सांगायचं तर मला त्यात मजा येत होती. ही मोठ्या तोऱ्यात ताट वाढते, फोटो काढते, वहीत नोंदी करते, आणि उत्तर माझ्या कंपासपेटीत आहे. परीक्षेत पोरीने पानभर चुकीची रीत लिहावी आणि उत्तर मात्र बरोबर यावं, तसं चाललं होतं. तीन महिने संपले की तोंडावर सांगू आणि तिचं नाक खाली करू, असं मी ठरवलं होतं. इतकी दुष्ट मी आहे, आणि तेव्हा तर हात दुखत होते म्हणून जास्तच होते.

वैशाखात हात सुटले. एका सकाळी बरणीचं झाकण माझ्याच हाताने निघालं आणि मी ते झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. शुभदा दारात होती. ती आली, माझे दोन्ही हात तिने आपल्या कपाळाला लावले आणि रडायला लागली. चाळिशी ओलांडलेली बाई, हमसून हमसून. "कायतरी जमलं गं मला, ताई," ती म्हणाली. सांगायची वेळ तीच होती. माझ्या ओठांवर आलंही होतं. पण तिचे केस विस्कटलेले होते, आणि जन्मात पहिल्यांदा ती माझ्यासमोर पास झाली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हात फिरवताना बोटं दुखत नाहीत याचाच मला आनंद होत होता.

मग ते फोटो निघाले, आणि मग शिबिरं सुरू झाली. रत्नागिरीत, लांज्यात, चिपळुणात, दापोलीत. मला गाडीत पुढे बसवून नेलं जायचं. शुभदा बोलायची छान, हे मान्यच करायला हवं. सूज म्हणजे काय ते ती तव्याखाली राहिलेल्या निखाऱ्यावरून सांगायची. बोलणं संपत आलं की माझ्याकडे हात करायची. मी उठून उभी राहायचे, दोन्ही हात वर करायचे, मुठी मिटायचे, उघडायचे. टाळ्या पडायच्या. तीस वर्षं शिकवलं, वर्गात कधी टाळी पडली नव्हती. मला ते आवडायला लागलं होतं, हेही लिहून ठेवते.

दापोलीच्या शिबिरात दुसऱ्या रांगेत सुगंधा बसली होती. बुरोंडीची. होड्या लागल्या की पाट्या उतरवून घ्यायची, मासळी निवडायची, कोलंबी सोलून सोडे वाळवायची. सगळं काम बोटांचं. वय माझ्याहून पाच-सात वर्षांनी कमी असेल. मी मूठ मिटली की तीही मांडीवर मूठ मिटून बघत होती. तिची अर्धीच मिटायची, तरी तेव्हा बोटं सरळ होती. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली, शुभदाकडे नाही. तिने माझी बोटं एकेक करून चाचपली, बाजारात मासळीचा ताजेपणा बघतात तशी.

"खरंच एकपण गोळी नाय घेतलात?"

शुभदा बाजूलाच होती. मी मान हलवली. तोंडाने बोलले असते तर कदाचित खोटं बोलवलं नसतं, मान मात्र सहज हलली.

"मला पण पिवळीच दिलीन डाक्टरने," ती म्हणाली. "पोटात मळमळता गोळीने. तुम्ही केलात ना, मग मी पण करते."

परतताना गाडीत शुभदा तिच्या नावावर हसली होती. मासळी विकते आणि नाव सुगंधा. मीही हसले. खाडीवर वारा होता आणि रस्त्याकडेला पोरं करवंदं विकायला बसली होती.

आपल्याकडे पथ्याचं एक विचित्र आहे. डॉक्टर पथ्य सांगतो तेव्हा त्याला ते जेवणाबद्दल बोलणं वाटतं. ऐकणारी बाई मात्र ते देवापुढे बोलल्यासारखं घेते. आमच्या आईने एकदा कुणाच्या तरी आजारपणासाठी वांगं सोडलं होतं, ते माणूस बरं होऊन पुढे म्हातारपणाने गेलं तरी तिने वांग्याला हात लावला नाही. पथ्य धरायचं तर अर्धं धरून चालत नाही. हातचं राखून ठेवलं तर ते फळत नाही. म्हणून सुगंधाने काय केलं, तर शुभदाच्या कागदावर लिहिलं होतं ते सगळं पाळलं, आणि उरलेल्या गोळ्या समुद्रात टाकल्या. घरात ठेवल्या असत्या तर पथ्यावर विश्वास नाही असं झालं असतं, असं तिनेच पुढे सांगितलं. मी एका हाताने पथ्य आणि दुसऱ्या हाताने गोळी घेतली. मी शिकलेली.

दोन वर्षांनी वैशाखात ती रत्नागिरीला शुभदाच्या दवाखान्यात आली, सुनेला बरोबर घेऊन. मी तिथे होते. बाहेर बसलेल्या बायकांशी चार शब्द बोलावेत म्हणून शुभदा मला बोलावून घ्यायची. सुगंधाने पदराखालून हात काढले. बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती आणि टोकाला आत वळली होती. सून तिला पाणी पाजत होती. शुभदाचा चेहरा एक क्षण पडला, तो मी पाहिला. मग तिने चष्मा सारखा केला आणि वही पुढे ओढली.

"काय खाल्लंत, आठवा."

"काय नाय, बाई. कागदात हाय तसाच."

"काहीतरी खाल्लं असणार. त्याशिवाय असं होत नाही. नीट आठवा. साखर? चहा कुणाकडे? लग्नकार्यात काही?"

सुगंधा आठवत राहिली. दिवस, महिने मागे मागे जात राहिली. खोलीत पंखा फिरत होता. बाहेर बसलेल्या बायकाही ऐकत होत्या, कारण दार उघडंच होतं. मग तिचा चेहरा उतरला.

"एक फोड," ती म्हणाली. "मागल्या साली. आमच्या दारच्या झाडाचा पयला आंबा देवाला दाखवला. सासऱ्यांनी सगळ्यांच्या हातावर एकेक फोड ठेवलीन. परसादाला नाय कसा बोलू?"

शुभदाने सुस्कारा सोडला. इतका सुटल्यासारखा सुस्कारा मी दुसरा ऐकलेला नाही. "प्रसाद असला तरी शरीराला ते कळत नाही," ती म्हणाली, आवाज मऊ करून, आणि वहीत लिहिलं: पथ्य मोडले. मोडले या शब्दाखाली तिने रेघ ओढली. सुगंधा रडली नाही. ती सुनेकडे बघून म्हणाली, "माझीच जीभ." बाहेरची एक बाई दुसरीला म्हणाली, बघ, एका फोडीने एवढं होतं. त्या दिवशी तिघींनी नव्याने नावं नोंदवली.

मी खुर्चीवर बसले होते. माझ्या पर्समध्ये त्या रविवारची गोळी होती, कारण सकाळी घ्यायची राहिली होती. मी पर्स मांडीवर धरून बसले. सुगंधा निघाली तेव्हा मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. "सरकारी दवाखान्यात जाऊन परत गोळी सुरू करा," एवढं मात्र मी सुनेच्या कानात सांगितलं आणि त्यावर स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिने सुरू केली. दुखणं थांबलं, पण बोटं तशीच राहिली.

शुभदाचं पुढे चांगलं झालं. आता तिच्या हाताखाली चार मुली आहेत. मुंबईला व्याख्यानं होतात, फोनवरून परदेशातली माणसं सल्ला घेतात, हळद-मिरीच्या पुड्या तिच्या नावाने जातात. वहिनी म्हणतात, तुमच्या शुभदाने रत्नागिरीचं नाव काढलं. तिच्या आहाराने पुष्कळांचं बरं झालं असेल, वजनं उतरली असतील, साखर आटोक्यात आली असेल. मी नाही म्हणत नाही. मात्र प्रत्येक व्याख्यानात दोन गोष्टी असतात. एक माझ्या हातांची, आणि एक त्या बाईची जिने एका फोडीपायी हात घालवले. नाव घेत नाही ती. नाव न घेण्याला ती सभ्यपणा म्हणते.

गेल्या वर्षी मी तिला सांगितलं. का, तर एका क्षुल्लक भांडणात. ती म्हणाली, ताई, तुला कुणाचं चांगलं बघवत नाही. माझं डोकं फिरलं आणि मी म्हणाले, "त्या वर्षी मी गोळ्या घेत होते. एकही रविवार चुकवला नाही. आजही घेते."

ती आंबे पुसत होती. फडकं थांबलंसुद्धा नाही. "कंपासपेटीत," ती म्हणाली. "मला दुसऱ्याच महिन्यात दिसल्या होत्या."

मी विचारलं, "मग सुगंधा?"

"मी तिला गोळी बंद करा म्हटलं नव्हतं. तिने तुला विचारलं होतं. मान तू हलवलीस." मग तिने हातातला आंबा देठाकडून हुंगला आणि टोपलीत ठेवला. "तू बोलशील म्हणून मी वाट बघत होते. दर शिबिरात. तू उठायचीस आणि हात वर करायचीस."

आम्ही दोघी आजही एकाच घरात राहतो. ती वरच्या मजल्यावर, मी खाली. रविवारी ती पूजेला बसते.

यंदा तो फोटो आला त्या दिवशी मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दापोली, तिथून रिक्षाने बुरोंडी. सुगंधाला सांगायचं. फोडीने काही झालेलं नाही, प्रसाद खाल्लात ते बरंच केलंत, दोष माझा आणि माझ्या बहिणीचा. वाक्यं मी गाडीत जुळवली, वर्गात शिकवायच्या आधी जुळवायचे तशी. पाच तास होते जुळवायला.

ती पडवीत बसली होती. केस बरेच पांढरे झालेले. सून कोलंबी सोलत होती आणि सुगंधा तिला तोंडाने सांगत होती, ही मोठी वेगळी काढ, त्या पाटीत टाक. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला दारातच वळावंसं वाटलं. शिक्षिका आल्यात घरी म्हणून तिने शेजारणींना हाका मारल्या. दोघी-तिघी आल्या. "दाखवा ना, ताई," ती म्हणाली, आणि मी हात पुढे केले. काय करत होते ते कळायच्या आत केले. मूठ मिटली, उघडली. शेजारणी बघत राहिल्या.

सुनेने ताटलीत आंबा चिरून आणला. दारच्याच झाडाचा. सुगंधापुढे ताटली नेलीच नाही.

"मी नाय खात," सुगंधा म्हणाली. "तवापासना नाय. आता काय फरक पडतो, ही बोलते. पण मला नको." मग म्हणाली, "ताई, एक इचारू? खरा सांगा. त्या साली तुम्हाला कदी वाटला नाय? घरात आढी, शेजारी आढी. एकपण आंबा नाय खाल्लात?"

जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. ती माझ्याकडे बघत होती, शेजारणी बघत होत्या. माझे हात अजून पुढेच होते.

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही."

ते खरंच होतं. त्या वर्षी मी आंब्याच्या फोडीला शिवले नव्हते.

सुगंधाने मान हलवली. तिचा चेहरा शांत झाला, जणू कधीपासून वाट बघत असलेली खात्री तिला मिळाली. "म्हणून," ती शेजारणींना म्हणाली. "बघा. ह्यांनी मन आवरलान. माझ्याच्याने एक दिवस नाय झाला." मग तिने वळलेल्या मनगटाने ताटली माझ्याकडे सरकवली. "तुम्ही खा, ताई. तुमचा पथ्य कदीच पुरा झाला."

मी फोड घेतली. दोन बोटांत धरून, साल दातांना न लागू देता, व्यवस्थित खाल्ली. गोड होती. सुनेने आणखी एक पुढे केली, तीही मी घेतली.